तिसऱ्या आणि चौथ्या फाइलच्या मध्ये

१

आमच्या सुनिपाम्बा गावात जत्रेला कोण आलं होतं आणि कोण नव्हतं, हे ठरवायचं काम माझ्याकडे आहे. पाद्रीबाबांना वाटतं ते त्यांच्याकडे आहे. वाटू दे बिचाऱ्यांना.

निम्मं गाव न्यूयॉर्कात छपरं ठोकतंय, नाहीतर हॉटेलात भांडी घासतंय. ऑक्टोबरात रोसारियोमातेची मिरवणूक निघते, तिची डीव्हीडी त्यांना लागते. ती पोचली की एका खोलीत पंधरा-वीस जण दाटीवाटीनं बसतात आणि चेहरे मोजतात. मावशी दिसली का, आपण धाडलेली शाल तिनं पांघरली का, काका शुद्धीत होता का. जो व्हिडिओत नाही तो जत्रेत नव्हता. एकदा देल्फीन सबंध मिरवणूकभर ढोल बडवत होता, पण नेमका माझ्यासमोर आला तेव्हा मला शिंक आली आणि स्टँडला धक्का बसला. त्याच्या पोरानं त्याला सहा महिने फोन केला नाही. म्हणे, बाप खोटं बोलतो, आळशी झालाय.

म्हणून पद्धत ठरलेली. सिस्टर लोकांच्या मठाच्या लांबलचक भिंतीसमोर स्टँड लावायचा, कॅमेरा चालू करायचा आणि मिरवणुकीतलं शेवटचं कुत्रं जाईपर्यंत बंद करायचा नाही. कापाकापी नाही. काही हुशार माणसं एकदा समोरून जातात, चौकाला वळसा मारून धापा टाकत येतात आणि टोपी बदलून पुन्हा जातात. मी काही बोलत नाही. घरी कॉम्प्युटरवर त्यांच्या दुसऱ्या फेरीला गाढवाचे कान लावतो.

असले उद्योग मी बरेच केलेत. सरपंचाला डुकराचं शेपूट लावलं. मयत नोटरीला मेल्यानंतर दोन वर्षांनी पालखीमागे चालवला. त्याची बायको तिकडे डीव्हीडी बघताना खुर्चीवरून पडली आणि उठून म्हणाली, मेला तरी माझ्याआधी जत्रेला गेलाच. मला वाटायचं माणसाला हसवलं की पुण्य लागतं.

त्या वर्षी माझ्याकडे नवा कॅमेरा आला होता. न्यूयॉर्कातल्या माझ्या पोरांनी धाडलेला. डब्यावर लिहिलं होतं, एव्हीसीएचडी. मला ते खोकल्याचं औषध वाटलं. कॅसेट नाही, नुसतं नखाएवढं कार्ड. चित्र असं लख्ख की पाद्रीबाबांच्या नाकातले केस मोजावेत.

मिरवणुकीच्या सकाळी माझी बायको तारहेलिया धुपाटणं घासत होती. गेली तीस वर्षं पालखीपुढे धुपाटणं तीच धरते. मी कॅमेरा पुसत होतो.

"पोरं न्हाऊ घातलीस तेव्हा एवढं पुसलं नव्हतंस," ती म्हणाली.

"पोरं एचडी नव्हती."

"मेसियास, एकदा तरी तो डबा घरी ठेव आणि माझ्या शेजारून चाल. गुडघा दुखतोय माझा."

"मग चेहरे कोण मोजणार? तू आपली चालत राहा. कॅमेऱ्यासमोर थांबायचं नाही, लोकांची गर्दी अडते. तू चर्चपर्यंत पोचेस्तोवर मी बंद करत नाही बघ."

"म्हाताऱ्या, तू एक दिवस माझी फिल्मच ठेवशील, बायको नाही," असं म्हणून ती धुपाटणं घेऊन निघाली. बोलणं तेवढंच झालं.

२

आता माझी चूक सांगतो. ती आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं एकदा केलेली आहे, पण माझ्याइतकी महाग कुणाला पडली नाही.

हा कॅमेरा एक लांबलचक चित्रण एकाच फाइलमध्ये ठेवू शकत नाही. पाव तास झाला की कार्डावरची फाइल भरते. मग तो आपणहून नवी सुरू करतो. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. बघणाऱ्याला काही कळत नाही, कारण त्यांना जोडायचं कसं याच्या चिठ्ठ्या कार्डावर बाजूच्या फोल्डरांत असतात. अगदी चिमुकल्या फाइली. त्या उघडत नाहीत, त्यात चित्र नाही. मला वाटलं, कचरा. माझ्या जुन्या सॉफ्टवेअरला तसंही हे काहीच पचत नव्हतं. आधी एका दुसऱ्या प्रोग्राममधून दळून, म्हणजे जुन्या साच्यात बदलून, काढावं लागे. तर मी रविवारी, मिरवणूक संपल्यावर दुपारी, फक्त जाडजूड फाइली कॉम्प्युटरवर ओढल्या, कचरा तिथेच सोडला आणि कार्ड पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात दोन दिवसांचं लग्न होतं, कार्ड रिकामं हवं होतं.

तारहेलिया रविवारी घरी आली नाही. मला वाटलं, रुसून बहिणीकडे गेली. ती वर्षातून एकदा जातेच. मी तिला आणायला गेलो की बटाट्याचं सूप पिऊन येतो. लग्न आटपून मंगळवारी परत आलो तरी चूल थंड. मी म्हटलं, राग मोठा दिसतोय, बरं होईल, सूपही मोठं मिळेल.

बुधवारी सकाळी तिची धाकटी बहीण रोसा एल्विरा दारात उभी. हातात उकडलेल्या मक्याची टोपली.

"दाजी, ताई कुठाय? रविवारी जेवायला येणार होती माझ्याकडे. आलीच नाही."

मी हसलो. खरंच हसलो, ही शरमेची गोष्ट आहे.

३

तिचं ओळखपत्र कपाटात होतं. शाल खुंटीवर. गोळ्या खिडकीत. बाई पळून गेली म्हणावं, तर एकसष्ट वर्षांची बाई दुखऱ्या गुडघ्यानं, हातात पेटतं धुपाटणं घेऊन पळेल कुठे?

मी व्हिडिओ लावला. रोसा एल्विरा मागे उभी.

तिसऱ्या फाइलच्या शेवटाकडे पालखीच्या पुढे तारहेलिया दिसली. काळा घागरा, पांढरी टोपी, धुपाटणं झुलतंय. मठाच्या भिंतीसमोरून ती डावीकडून उजवीकडे चालली होती. औषधाच्या दुकानाचा खांब तिच्यापासून दोन पावलांवर. तिचा पाय उचललेला. तिथे फाइल संपली.

चौथी सुरू केली. तोच खांब, तीच भिंत. तिच्या मागे जी बाई मेणबत्ती धरून होती तिचा पाय आता टेकलेला. पालखी एका बोटानं पुढे सरकलेली. तारहेलिया नाही.

मी चित्रं मोजली. त्या दोन फाइलींच्या मध्ये चिठ्ठ्या नसल्यामुळे अकरा चित्रं गळली होती. अर्धा सेकंदही नाही. अर्ध्या सेकंदात माणूस शिंकतो, पापणी लवते. भिंतीला तिथे दार नाही, गल्ली नाही, गटारसुद्धा नाही.

"तुम्ही कापलंत," रोसा एल्विरा म्हणाली.

"रोसा, आईशप्पथ."

"तुमची आई मेली तेव्हा तिच्या फोटोला तुम्ही मिशा काढल्या होत्या. तिची शप्पथ मला घालू नका. कुठे लपवलीत ताईला? मस्करी पुरे झाली."

ठाण्यातल्या साहेबाला दाखवलं. त्यानं दोनदा बघितलं, खुर्ची मागे टेकली. "मेसियासबाबा, मागच्या वर्षी तुम्ही मला या मिरवणुकीत फ्रॉक घालून फिरवलंत. माझी सासू अजून विचारते. तुमच्या व्हिडिओवर मी माणूस हरवल्याचं लिहून घेऊ?"

"मग साक्षीदारांना विचारा. ती मेणबत्तीवाली बाई तर तिच्या मागेच होती."

विचारलं त्यानं, तो मनानं वाईट नाही. मेणबत्तीवाली म्हणाली, मी कॅमेऱ्याकडे बघत होते. पालखी उचलणारे म्हणाले, आम्ही कॅमेऱ्याकडे बघत होतो. बँडवाले तेच. पोरांना चेहरा नीट दिसावा म्हणून त्या ठिकाणी सगळं गाव माझ्या कॅमेऱ्याकडे बघतं, ही सवय मीच लावली.

आणि मी? मी त्या इवल्याशा पडद्याकडे बघत होतो. खूप आठवून बघितलं. ती खांबापलीकडे गेल्याचं मला आठवत नाही. न गेल्याचंही आठवत नाही. जे कार्डावर आहे तेवढंच माझ्या डोक्यात आहे.

रविवारी थोरल्या मुलाचा, फाउस्तोचा, फोन आला. "बाबा, आईला द्या."

"बाहेर गेलीय."

"मागच्या वेळी पण हेच. डीव्हीडी कधी पाठवताय? आई नवीन ब्लाउज घालणार होती, आम्हाला बघायचंय सगळ्यांना."

आयुष्यात पहिल्यांदा मला पुढची थाप सुचली नाही. मी फोन ठेवून दिला.

४

गावात दुसरं व्हिडिओचं दुकान लिसार्दोचं. त्याच्या पोरीचा धर्मबाप मी, म्हणून आम्ही एकमेकांचे कोम्पाद्रे. धंद्यात मात्र एकमेकांचे गळे धरतो. त्याच्याकडे नवा कॉम्प्युटर आणि नवं सॉफ्टवेअर होतं, जे या फाइली न दळता सरळ खातं. मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर मी डिस्क घेऊन त्याच्या दारात गेलो.

"या या," तो म्हणाला. "शेवटी आलात ना, म्हातारबुवा. जुनी मशीन हगली वाटतं?"

"लिसार्दो, तुला वाटेल तेवढं नंतर हस. ही तिसरी आणि चौथी उघडून दे."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि खुर्ची ओढून दिली.

दोन्ही फाइली त्याच्या पडद्यावर लांब पट्ट्यांसारख्या एकापुढे एक लागल्या. आणि मध्ये तिसरी पट्टी आली. राखाडी. तिला नंबर नव्हता, नाव नव्हतं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ती कधीच दिसली नव्हती.

"ही कुठून आली?" मी विचारलं.

"चुकीचं जोडतंय ते. चिठ्ठ्या नाहीत ना, मग अंदाजानं भरतंय." त्यानं पट्टीवर टिचकी मारली. बाजूला लांबी आली. "बघा, येडं झालंय. दोनशे वीस तास, बारा मिनिटं. अख्ख्या कार्डात चार तास मावत नाहीत."

मी शाळेत चौथीपर्यंतच गेलो, पण बोटं आहेत. रविवारी अकराला पालखी खांबापाशी होती. त्या रविवारपासून या मंगळवारी सकाळी अकरापर्यंत नऊ दिवस. नऊ चोक छत्तीस, हातचे तीन. चोवीस नव्वे दोनशे सोळा. वर चार तास. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

"कोम्पाद्रे," मी म्हटलं, "परत टिचकी मार."

दोनशे वीस तास, तेरा मिनिटं.

लिसार्दोनं घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याचं तोंड रागानं लाल झालं. "हा खेळ तुम्ही डिस्कवर काय भरून आणलाय? मला घाबरवायला? बायको घरी बसवून ठेवलीय आणि इकडे—"

"तू माझी डिस्क काढ. तपास. मला दळता येतं, भरता येतं, गाढवाचे कान लावता येतात. घड्याळाबरोबर धावणारी पट्टी मला करता येत असती, तर मी तुझ्यासारख्याच्या गावात राहिलो असतो?"

त्यानं तपासलं. तासभर लागला त्याला. चित्र उघडेना, राखाडीच राहिलं. त्यानं तीन निरनिराळी सॉफ्टवेअरं लावून बघितली. पहिल्यात पट्टीच नव्हती. दुसऱ्यात ती होती आणि लांबी तीच, घड्याळाच्या बरोबर. तिसऱ्यात चित्राच्या जागी काळं, पण खाली आवाजाची रेघ होती. बारीक, दातेरी, हलणारी.

"यात आवाज आहे," लिसार्दो म्हणाला, आणि त्याचा हात स्पीकरच्या बटणावर तसाच राहिला. बटण मी फिरवलं.

५

आधी काहीच नाही. मग साखळीची किणकिण. धुपाटण्याची. ती मी तीस वर्षं ऐकलीय, झोपेतही ओळखेन.

मग पावलं. डावा पाय किंचित घासत. आणि श्वास, चढण चढल्यासारखा. बँड नव्हता, फटाके नव्हते, कुत्री नव्हती. आमच्या जत्रेत एवढी शांतता कधी होत नाही.

पाच-सात मिनिटं गेली. मग तिचा आवाज आला, अगदी जवळून, घोगरा.

"मेसियास... झालं का रे? बंद केलास का?"

लिसार्दोनं छातीवर बोटांनी क्रूस काढला. मी पडद्याला तोंड लावून ओरडलो, "थांब! तारहेलिया, थांब, झालं! बस खाली!" येड्यासारखा ओरडलो. ती चालतच राहिली. घास, टेक. घास, टेक.

"पोचले नाही वाटतं अजून," ती स्वतःशीच म्हणाली.

लिसार्दो मला म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती, "कोम्पाद्रे, हे तुम्हीच केलंत ना? हो म्हणा. मी कुणाला सांगणार नाही. फक्त हो म्हणा."

मला किती वाटलं हो म्हणावं. माझ्या सगळ्या जन्मात मला एवढी इच्छा कधी झाली नसेल की एखादी खोडी माझी असावी.

बुधवारी सकाळी रोसा एल्विराला लिसार्दोकडे घेऊन आलो. ती कंबरेवर हात ठेवून ऐकायला उभी राहिली, मग खाली बसली, मग तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली. तासभर हलली नाही. पट्टीची लांबी दोनशे चाळीस तासांच्या घरात गेली होती. तारहेलिया मधूनमधून काही पुटपुटे: पोरांची नावं, मीठ संपल्याचं, माझ्या नावानं एक जुनी शिवी.

"ताईच आहे," रोसा एल्विरा शेवटी म्हणाली. "दाजी, मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले."

"मी त्याच लायकीचा आहे."

"हो, आहात." मग तिनं मान कलती केली. "पण तिच्या पावलांखाली दुसरी पावलं आहेत. तुम्हाला ऐकू येत नाहीत?"

मी आणि लिसार्दोनं कान लावले. तारहेलियाचा पाय टेकला की त्याच क्षणी आणखी काहीतरी टेकत होतं. जड. नीट तिच्या तालावर, म्हणून वेगळं कळत नव्हतं. ती खोकायला थांबली की तेही अर्धं पाऊल उशिरा थांबायचं. त्या अर्ध्या पावलात ते ऐकू यायचं.

६

लिसार्दो भला माणूस आहे, हे मी आयुष्यात दुसऱ्यांदा म्हणतोय. पहिल्यांदा मला त्याच्याकडून मोटरसायकल हवी होती. त्यानं त्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत खटपट करून राखाडी पट्टीतून एक चित्र बाहेर काढलं. एकच.

या कॅमेऱ्याचं चित्र एकसंध नसतं. आधी एकाआड एक रेघा टिपतो, मग उरलेल्या. मधल्या क्षणात जे हललं, त्याच्या कडांना कंगव्यासारखे दाते येतात. जे स्थिर असतं ते स्वच्छ दिसतं. सॉफ्टवेअरनं ते दाते बुजवायचे असतात. लिसार्दोचं बुजवत नव्हतं.

चित्रात मठाची भिंत होती. आमचीच, तोच पोपडा गेलेला चुना. पण ती दोन्ही बाजूंना जात राहिली होती, खांब नव्हता, चर्च नव्हतं, डोंगर नव्हता. खूप लांब, भिंतीला लागून, पाठमोरी तारहेलिया. पांढऱ्या टोपीवरून ओळखली. तिच्या कडांना दाते होते, म्हणजे ती चालत होती.

आणि तिच्या मागे, भिंतीच्या उंचीइतकं, काहीतरी होतं. त्याला नुसते दातेच होते. मध्ये काही नव्हतं.

लिसार्दोनं खिडकी बंद केली. चित्राची, कॉम्प्युटरवरची, पण उठून दुकानाचीही केली.

"आता ऐका," तो म्हणाला. "एक गोष्ट करता येईल. सगळ्या फाइली होत्या तशा परत कार्डावर टाकायच्या, त्याच फोल्डरात, आणि कार्ड कॅमेऱ्यात घालायचं. कॅमेऱ्याला चिठ्ठ्या सापडणार नाहीत. तो विचारेल, यादी बिघडलीय, दुरुस्त करू का? हो म्हटलं की तो स्वतः नव्या चिठ्ठ्या लिहितो आणि तिसरी-चौथी जोडतो. बाकी कुठल्याही सॉफ्टवेअरला ते जमत नाही. ज्यानं कापलं त्यालाच जोडता येतं."

"मग मधलं?"

"एक तर मधलं सगळं आत येईल. नाहीतर जागा नाही म्हणून कायमचं गळेल. मला माहीत नाही, कोम्पाद्रे. मी हे बटण दाबणार नाही. तुम्ही पण घाई करू नका."

"घाई? ती दहा दिवस चालतेय, लिसार्दो. अनवाणी असेल आता. मी सांगितलं म्हणून चालतेय."

रोसा एल्विरा सरळ बोलणारी बाई आहे. "दाजी, ती बाहेर आली तर तिच्या मागचं पण बाहेर येईल."

"येईल."

"मग?"

"मग काय? त्याच्या भीतीनं तिला तिथेच ठेवू? तुझी बहीण आहे. तू नाही म्हण, मी डिस्क चुलीत टाकतो."

 दाराबाहेर संध्याकाळचं धुकं रस्त्यावर उतरलं होतं आणि कुणाचं तरी गाढव त्यातून बरगड्या खाजवत जात होतं. मला त्या गाढवाचा हेवा वाटला.

"नाही म्हणत नाही," ती म्हणाली.

७

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास, माझ्या दुकानात. लिसार्दोनं फाइली कार्डावर टाकून दिल्या आणि कार्ड माझ्या हातात देऊन तो निघाला. दारात म्हणाला, "माझी पोर, तुमची धर्मलेक, उद्या यायचीय. मला घरी असायला हवं." मी त्याला टोमणा मारला नाही. मग त्याला आणखीच वाईट वाटलं.

मी आणि रोसा एल्विरा बाकावर बसलो, ती माझ्या डाव्या हाताला. कॅमेरा समोर टेबलावर, पडदा आमच्याकडे. मी कार्ड सरकवलं. कॅमेरा गुरगुरला.

यादी बिघडली आहे. दुरुस्त करायची? हो. नाही.

मी म्हणालो, "रोसारियोमाते, मी तुझ्या मिरवणुकीत डुकराचं शेपूट लावलं, ते मला लाव. तिला येऊ दे." आणि हो दाबलं.

पट्टी भरायला लागली. मला वाटलं होतं रात्र होईल. पण ती दहा-बारा मिनिटांत टोकाला गेली, जसं काही आत सगळं आधीच तयार होतं आणि कुणी विचारायची वाट बघत होतं. दुरुस्त झालं, असं आलं. खाली: कार्ड भरले आहे. आता तिसरी आणि चौथी अशा दोन फाइली नव्हत्या. एकच होती. तिची लांबी दोनशे चौसष्ट तास आणि काही मिनिटं होती, आणि ती आता वाढत नव्हती. मी तीनदा टिचकी मारून बघितली. थांबली होती.

"शेवट लावा," रोसा एल्विरा म्हणाली.

मी शेवट लावला.

भिंत. धुकं. चित्र लख्ख, चुन्याचा एकेक पोपडा दिसतोय. मग डावीकडून तारहेलिया आली. समोरून दिसली, चालताना कधीही कॅमेऱ्याकडे न बघणारी बाई, पण आता बघत होती. गाल आत गेलेले. टोपी नाही. ओठ चिरलेले. पाय मला दिसले नाहीत आणि मी बघायचा प्रयत्नही केला नाही. धुपाटण्यात निखारे नव्हते, तरी ते ती झुलवत होती. ती जवळ आली, इतकी जवळ की सबंध पडदा तिच्या ब्लाउजनं भरला, नव्या, निळ्या. आणि उजवीकडून चित्राबाहेर गेली. मिरवणुकीच्या वेळी मी स्टँडच्या उजव्या हाताला उभा असतो.

रोसा एल्विरानं माझा दंड धरला. भिंत परत दिसेल म्हणून मी वाट बघत होतो. ती दिसली नाही. काहीतरी पडद्यासमोरून जात होतं, डावीकडून उजवीकडे, सावकाश, आणि त्याला शेवट नव्हता. मी मनात आकडे मोजले. चाळीसपर्यंत गेलो. मग पडदा काळा झाला, यादी आली, आणि कॅमेऱ्यानं विचारलं, पुन्हा बघायचं? मी झाकण मिटलं.

खोलीत धुपाचा वास होता. विझलेल्या धुपाचा, राखेचा.

मला माहीत आहे, शहाण्या माणसानं इथे काय म्हणायला हवं. आठ दिवस झोप नाही, कान वाजतात, म्हाताऱ्याला पश्चात्ताप झाला की नाकाला वास येतात. मी हे सगळं स्वतःला सांगत होतो आणि समोर मिटलेल्या कॅमेऱ्याकडे बघत होतो. उजवीकडे मान वळवत नव्हतो. माझ्या उजवीकडे बाकावर एक माणूस मावेल एवढी जागा होती, आणि त्यापलीकडे दार.

साखळी एकदा किणकिणली. जवळच.

रोसा एल्विरा माझ्यामागून वाकून उजवीकडे बघत होती. तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता, मग तो यायचा थांबला.  ती किंचाळली नाही. तिनं हळूच, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं म्हटलं,

"दाजी, जरा सरका. तिला बसू द्या."

मी सरकलो. बाक दबलं. माझी बायको अंगानं भरलेली होती, तिच्या वजनाची मला एकेचाळीस वर्षांची सवय आहे. बाक त्यापेक्षा कितीतरी जास्त दबलं, इतकं की मी आणि रोसा एल्विरा दोघंही उजवीकडे कलंडलो आणि माझा खांदा कशाला तरी टेकला. ते गार होतं आणि नीट एका जागी नव्हतं.

मी मान वळवली नाही. जन्मभर कुणाला ना कुणाला काहीतरी चावट बोलत आलो. त्या घडीला तोंडात एकच प्रश्न उरला होता, आणि तो मी समोर बघतच विचारला.

"दमलीस का गं?"